कोयना भरली की जमीन का हलते?

पाटण, कराड, शिराळा, चिपळूण या पट्ट्यातल्या लोकांना एक बातमी पाठ झालेली आहे. कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, तीव्रता इतकी रिश्टर स्केल, केंद्र हेळवाकपासून इतक्या किलोमीटरवर, धरण सुरक्षित. चार ओळींत बातमी संपते आणि पारावरची चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, एवढ्या पाण्याच्या वजनानं जमीन दबते म्हणून धक्के बसतात. कुणी म्हणतं, धरणाचा काही संबंध नाही, सह्याद्रीचा स्वभावच तसा आहे. दोन्ही म्हणणी अर्धी आहेत. साठ वर्षांच्या संशोधनातून जे चित्र उभं राहिलं आहे ते या दोन्हींपेक्षा जास्त चमत्कारिक आहे, आणि सातारा-सांगलीच्या माणसाला ते माहीत असायलाच हवं. कारण जगभरचे भूवैज्ञानिक जे समजून घ्यायला आपल्याकडे येतात ते आपल्याच पायाखाली आहे.

काय घडलं होतं

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागलं. त्याआधी दख्खनचं पठार स्थिर, भूकंपमुक्त मानलं जात होतं. पाणी अडल्यावर लवकरच धरणाच्या आसपास लहान हादरे जाणवू लागले. १९६७ च्या १३ सप्टेंबरला ५ च्या वरचा धक्का बसला आणि ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा मोठा भूकंप झाला. सुमारे १८० ते २०० माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत इतका मोठा भूकंप जगात दुसरीकडे क्वचितच नोंदला गेला आहे. ग्रीसमधलं क्रेमास्टा, झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचं करिबा आणि चीनमधलं शिनफेंगजियांग ही त्याच दशकातली दुसरी उदाहरणं.

बहुतेक ठिकाणी धरण भरल्यानंतर काही वर्षांत हादरे विरले. कोयनेत ते थांबलेच नाहीत. १९७३, १९८०, १९९३-९४, २०००, २००५ अशा टप्प्यांवर ५ च्या वरचे धक्के येत राहिले. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात हे सगळं घडतं, बहुतेक १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर, आणि आसपास ५० किलोमीटरपर्यंत भूकंपाचं दुसरं मोठं केंद्र नाही. अभ्यासकाला याहून सोयीची जागा मिळणं कठीण आहे.

तीन अब्ज टन पाणी, तरी वजन किरकोळ

कोयनेची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, वजनात २ कोटी ८३ लाख टन. सगळं मिळून जवळजवळ तीन अब्ज टन पाणी होतं. आकडा ऐकून छाती दडपते, पण खडकाच्या हिशेबात त्याचं काय होतं ते पाहा.

पाच किलोमीटर खोलीवरच्या खडकाच्या डोक्यावर पाच किलोमीटर खडक आहे. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १३०० किलो. तलावात ८० मीटर पाणी असेल तर तळाशी त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो. तोही थेट धरणाजवळ, आणि खाली जाताना पसरत कमी होत जाणारा. म्हणजे खालच्या खडकावर आधीच असलेल्या भारात तलाव एक टक्क्याचीसुद्धा भर घालत नाही. निव्वळ वजनानं दबून खडक फुटतो म्हणणाऱ्यांचं गणित इथे चुकतं.

मग ऊर्जा येते कुठून? भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे सरकतो आहे आणि समोर आशियाला अडतो आहे. या रेट्याचा ताण हिमालयात सर्वांत जास्त असला तरी द्वीपकल्पाच्या खडकातही तो साठत जातो. कोयनेखाली खडकात जुन्या खोल भेगा आहेत, ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात. अशा भेगेला भूशास्त्रात भ्रंश म्हणतात. हजारो वर्षांत या भ्रंशांवर ताण इतका साठला आहे की ते सरकण्याच्या अगदी काठावर आहेत. भूकंपाची सगळी ऊर्जा त्या ताणातून येते.

मग पाणी करतं काय?

घरातलं भरलेलं लोखंडी कपाट सरकवायचं आहे. एक जण पूर्ण ताकदीनं रेटतो आहे, कपाट हलत नाही. दुसरा माणूस खाली पहार घालून ते किंचित उचलतो आणि त्याच क्षणी कपाट भस्सकन सरकतं. पहार धरणाऱ्यानं कपाट ढकललेलं नाही. त्यानं फक्त जमिनीवरचा दाब कमी केला, म्हणून घर्षण घटलं आणि आधीपासून लागलेला रेटा जिंकला.

भ्रंशात पाणी हेच पहारीचं काम करतं. खोल खडकातल्या बारीक भेगा कोरड्या नसतात, त्यांत पाणी असतं आणि त्याला स्वतःचा दाब असतो. याला छिद्रदाब म्हणू. वरच्या खडकाचा दाब भेगेच्या दोन बाजू आवळून धरतो, छिद्रदाब त्यांना आतून फाकवतो. भ्रंशाला रोखून धरणारं बळ या दोन्हींच्या वजाबाकीवर ठरतं. पाच किलोमीटरवर आवळणारा दाब १३०० आणि पाण्याचा दाब सुमारे ५०० धरला तर शिल्लक ८००. तलावामुळे या ५०० मध्ये एक-दोनची भर पडली तरी शिल्लक तेवढीच घटते. ज्या भ्रंशाला अजून पुष्कळ वाव आहे त्याला याचा पत्ताही लागत नाही. जो काठावर आहे तो सुटतो. काठावरच्या भ्रंशाला दर चौरस सेंटिमीटरला एक दशांश किलो इतका फरकही पुरतो, असं जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून अभ्यासक कोयनेच्या भूकंपांना ‘धरणानं घडवलेले’ म्हणत नाहीत, ‘धरणानं चालना दिलेले’ म्हणतात. याचा अर्थ धरणाची जबाबदारी झटकणं असा नाही. पहार घातली नसती तर त्या दिवशी कपाट हललं नसतं. किती वर्षांनी हललं असतं, हे कुणी सांगू शकत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही

अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ मध्ये लष्करी कारखान्याचं सांडपाणी ३.६ किलोमीटरहून खोल बोअरमध्ये दाबून भरायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत, जिथे भूकंप माहीत नव्हते तिथे हादरे सुरू झाले. १९६६ मध्ये भरणं थांबवलं. तरी सर्वांत मोठे धक्के आले १९६७ मध्ये, कारण वाढलेला दाब खडकात पुढे सरकतच होता.

यातून धडा घेऊन कोलोराडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात मुद्दाम प्रयोग झाला. बोअरमधून पाण्याचा दाब वाढवला की भूकंप वाढत, पाणी उपसून दाब उतरवला की थांबत. किती दाबाला सुरुवात व्हावी याचा हिशेब आधी मांडला होता आणि तो प्रत्यक्षाशी जुळला. पाण्याचा दाब आणि भ्रंशाचं सरकणं यांचं नातं इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग त्याआधी झालेला नव्हता. कोयनेत असा प्रयोग करता येत नाही, पण निसर्ग दरवर्षी जून ते मे एक फेरी करून दाखवतोच.

पावसाळ्यानंतर, आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर

जुलैत तलाव भरतो तेव्हा खालच्या खडकात दोन गोष्टी होतात. एक लगेच होते. वरून भार वाढल्यानं खालच्या भेगा किंचित आवळतात आणि त्यातल्या पाण्याचा दाब तिथल्या तिथे वाढतो. दुसरी सावकाश होते. तलावाच्या तळाचा वाढलेला दाब भेगाभेगांतून खाली झिरपत जातो. यात तलावाचंच पाणी पाच किलोमीटर खाली पोचलं पाहिजे असं नाही. भेगा आधीच भरलेल्या आहेत, दाब एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी पोचतो. खडक किती भेगाळ आहे यावर वेळ ठरतो. पाच किलोमीटरसाठी काही आठवडे ते काही महिने हा साधारण अंदाज. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात हादरे वाढतात आणि डिसेंबर-जानेवारीतही मोठे धक्के येऊ शकतात. १९६७ चा डिसेंबर याच हिशेबात बसतो.

फेब्रुवारी-मार्चमधली वाढ अनेकांना कोड्यात टाकते. तलाव तर उतरतो आहे, मग धक्के का? वीजनिर्मितीला आणि शेतीला पाणी गेलं की वरचा भार लगेच कमी होतो, आवळ सैल पडते. खाली पोचलेला दाब मात्र तेवढ्या चपळाईनं ओसरत नाही. वजाबाकी पुन्हा बिघडते. २००० आणि २००५ चे मार्चमधले धक्के आठवा.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी भूकंपांशेजारी ठेवून पाहिल्या. त्यात पातळी किती उंच गेली याइतकंच ती किती वेगानं चढली आणि किती काळ टिकली याला महत्त्व असल्याचं दिसलं. ५ च्या वरच्या धक्क्यांआधी पातळी आठवड्याला १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट, या वेगानं चढलेली आढळली. उलट मात्र खरं नाही, म्हणजे इतक्या वेगानं चढली की मोठा धक्का येतोच असं नाही. दुसरी खूण म्हणजे तलावानं आधीचा उच्चांक ओलांडणं. खडकानं एकदा सोसलेला दाब पुन्हा आला तर तो बहुधा शांत राहतो, नवा उच्चांक त्याची नवी परीक्षा घेतो.

इथेच वारणा कथेत येते. सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणा धरणात १९८५ पासून पाणी अडू लागलं आणि हादऱ्यांचा पट्टा दक्षिणेला सरकला. १९९३ च्या पावसाळ्यात वारणेची पातळी झपाट्यानं वाढली, त्यानंतर ८ डिसेंबर १९९३ आणि १ फेब्रुवारी १९९४ ला ५ च्या वरचे धक्के आले. त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरचा किल्लारीचा भूकंप यात मिसळू नये. तो इथून दूर, वेगळ्या भ्रंशावरचा.

‘मग तलाव अर्धाच भरा ना’

प्रश्न रास्त आहे. पण पहिली अडचण अशी की पातळी चढण्याचा वेग पाऊस ठरवतो. एक लाख क्युसेकची आवक एक दिवस टिकली तर तलावात ८.६४ टीएमसी पाणी येतं. ते लगेच सोडून द्यावं तर खाली कराड आणि सांगली. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट सांगलीकरांना सांगावी लागत नाही. पूर टाळायला धरणानं पाणी धरून ठेवावं, असं आपण हक्कानं म्हणतो. पाणी धरलं की तलाव वेगानं चढतो. पुराची सुरक्षितता आणि भूकंपाची काळजी एकाच दरवाजावर समोरासमोर येतात, आणि त्या घटकेला पुराचं पारडं जड ठरणं योग्यच आहे. पूर समोर उभा असतो, भूकंपाची शक्यता त्या वर्षी खरी होईलच असं नाही.

दुसरी अडचण अशी की धरण कायमचं रिकामं ठेवलं तरी साठलेला ताण नाहीसा होत नाही. शिवाय पाणी झपाट्यानं काढून टाकणं हाही बदलच, आणि त्याचे परिणाम वर पाहिले. म्हणून पातळी शक्य तितकी सावकाश बदलावी, हा शहाणपणाचा मार्ग.

‘छोटे धक्के बसतात तेच बरं, ताण निघून जातो’

हे वाक्य फार ऐकू येतं आणि फार खोटा दिलासा देतं. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ५ चे ३२, ४ चे सुमारे १०००, किंवा ३ चे सुमारे ३२ हजार धक्के लागतील. कोयनेत १९६७ पासून ४ च्या वरचे धक्के काही शेकड्यांच्या घरातले आहेत. मोठ्या धक्क्याचा साठा रिकामा व्हायला ते पुरे पडत नाहीत. छोट्या धक्क्यांचा उपयोग वेगळा आहे. खाली कोणता भ्रंश कुठे आणि किती खोल जागा आहे, हे तेच दाखवतात.

तीन किलोमीटरचा बोअर कशासाठी

भूकंप कुठे झाला हे ठरवायचं तर दोन लहरींच्या वेळा मोजतात. आधी येणारी वेगवान लहर आणि मागून येणारी संथ लहर यांच्यात एक सेकंदाचं अंतर असेल तर भूकंप सुमारे ८ किलोमीटर दूर. वेळ वाचण्यात एक दशांश सेकंदाची चूक झाली तरी जागा ८०० मीटरनं चुकते. जमिनीवरच्या यंत्राला ट्रक, वारा, धबधब्याचा खळखळाट हे सगळं ऐकू येतं. त्यात भर म्हणून वरचा काळा पाषाण थरांचा आहे आणि लहरी वाकवतो. म्हणून कोयना-वारणा भागात सुमारे दीड किलोमीटर खोल बोअर घेऊन त्यांतल्या काहींत यंत्रं पाषाणाच्या थराखाली उतरवली. रासाटीच्या बोअरमध्ये हा थर ९३२ मीटरवर संपला. खाली लागला तो अडीच अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइट जातीचा खडक. मधे गाळाचा थर नाही, एकावर एक थेट.

पुढचं पाऊल मोठं होतं. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाची इथे आहे. या प्रकल्पात गोठणे इथे डिसेंबर २०१६ मध्ये खोदकाम सुरू झालं आणि जून २०१७ मध्ये बोअर तीन किलोमीटरला पोचला. तिथे पाषाणाची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर निघाली. हा चाचणीचा बोअर. मूळ कल्पना आणखी खोल जाऊन भ्रंशाच्या जवळ यंत्रं बसवायची आहे.

शेतातल्या बोअरपेक्षा ही कसरत निराळी. खाली गेलेलं बिट थंड ठेवायला, चुरा वर आणायला आणि भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून खास घट्ट केलेला चिखलाचा द्रव सतत फिरवावा लागतो. तो फार हलका झाला तर भिंती आत ढासळून नळ अडकतात. फार जड झाला तर भेगांतून खडकात निसटतो आणि वर परतच येत नाही. भेगाळ पट्टा लागला की नेमकी हीच अडचण येते, आणि अभ्यासकाला हवा असतो तोही तोच पट्टा. भोक तयार झाल्यावर छोटा टप्पा वरखाली बंद करून पाण्याचा दाब वाढवतात. खडकाला बारीक चीर ज्या दाबाला जाते आणि ज्या दाबाला ती मिटते, त्यावरून खडकातला ताण आणि त्याची दिशा कळते. कागदावरचे १३०० आणि ५०० असे आकडे प्रत्यक्ष मोजायची ही एकच सरळ वाट आहे.

या बोअरनंच भूकंप होईल, ही भीती डेन्व्हरच्या उदाहरणावरून स्वाभाविक आहे. फरक प्रमाणाचा आहे. तिथे चार वर्षं कोट्यवधी लिटर पाणी खडकात ढकललं गेलं. ताण मोजायच्या चाचणीत काही मिनिटं, थोडंसं पाणी जातं आणि दाब लगेच सोडला जातो.

भाकीत आणि घर

यातून ‘अमुक तारखेला भूकंप’ असं सांगता येईल का? नाही. कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत शक्यता वाढते एवढं सांगता येतं, आणि मोठ्या धक्क्याआधी भ्रंशाजवळ पाण्याच्या दाबात, तापमानात, बारीक हादऱ्यांत काही ओळखीचा बदल होतो का, हे खोल यंत्रांतून शोधायचं आहे.

धरणाचं सांगायचं तर १९६७ मध्ये त्याच्या अंगावरच्या यंत्रानं गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट हिसका नोंदवला. आखणी करताना ०.०५ पट धरला होता. धरण उभं राहिलं, पण माथ्याखाली जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे उंच भागांना आडव्या भेगा गेल्या. त्या भरून मागून काँक्रीटचा आधार दिला. धरणांचा भूकंपअभ्यास शिकताना आजही जगभर कोयनेचं हे उदाहरण सोडवून घेतात.

माणसं मात्र बहुतेक घरांखाली गेली. पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरातली दगड-मातीची जाड भिंत हिसक्याला उभी फाटते. बाहेरचा आणि आतला थर सुटे होतात आणि माळवद अंगावर येतं. नवी भिंत बांधताना जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडव्या अंतरात दर १.२ मीटरला भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड हवा. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा, निदान ७५ मिलिमीटर जाड, आत दोन सळया आणि दर १५० मिलिमीटरला ६ मिलिमीटरची कडी. पट्टा कोपऱ्यावर तुटला तर त्याचा उपयोग संपला, म्हणून सळया कोपऱ्यातून वळवूनच न्याव्यात.

उभ्या घरात आरपार दगड बसवता येत नाही, तिथे काँक्रीटचा बंध करता येतो. एक दगड आजूबाजूचा मसाला कोरून हलक्या हातानं काढायचा, आतली माती टोकदार सळईनं कोरत पलीकडचा दगड सैल करायचा आणि ७५ मिलिमीटरचं आरपार भोक तयार करायचं, दोन्ही तोंडांना जरा रुंद. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची, भिंतीच्या जाडीपेक्षा ५० मिलिमीटर आखूड, म्हणजे दोन्हीकडून काँक्रीटनं झाकली जाऊन गंजणार नाही. काँक्रीट ठासून भरायचं आणि किमान दहा दिवस पाणी मारायचं. भोक पाडताना घणाचे घाव घातले तर शेजारचे दगड सुटतात आणि भिंत आधीपेक्षा कच्ची होते. गवंडी घाई करू लागला तर त्याला इथेच थांबवावं.